आधी बघायचं, मूल स्वतःहून खातंय का

माझी मावसबहीण अंगणवाडी सेविका आहे, तिच्या पिशवीत रजिस्टरसोबत कायम एक प्लॅस्टिकची पट्टी असते, हिरवा पिवळा लाल अशा तीन रंगांची, मुलाचं कुपोषण दंडाच्या घेरावरून ओळखायची. एकदा तिने मला ती वापरायला शिकवली. मुलाचा डावा हात कोपरात वाकवायचा, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधे पेनाने खूण करायची, मग हात सैल सोडायचा आणि त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. आवळायची नाही, लोंबती पण ठेवायची नाही. साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या सगळ्या मुलांना हेच आकडे.

साडेबारा म्हणजे नक्की किती हे डोळ्यासमोर आणायचं असेल तर टेबल टेनिसचा बॉल आठवा, त्याचा घेर जवळजवळ तेवढाच असतो. चालत्याबोलत्या दोन वर्षांच्या मुलाचा दंड त्या बॉलपेक्षाही बराच बारीक, म्हणजे लाल पट्टा, म्हणजे अतितीव्र कुपोषण. अंगणवाडीच्या भाषेत "मूल सॅममध्ये गेलं".

हीच पट्टी आणि हेच आकडे मलावीत पण वापरतात. आज मलावीबद्दलच लिहितेय, कारण जगभरात आज या मुलांवर जो उपचार करतात त्यातला मोठा भाग तिथल्या ब्लँटायर शहरात आणि आसपासच्या खेड्यांत तावूनसुलाखून निघालाय. मोझांबिक, टांझानिया आणि झांबिया यांच्यामधे चिंचोळा पसरलेला हा देश, जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक. खाणं म्हणजे मका. मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, तिला न्सिमा म्हणतात, सोबत पालेभाजी नाहीतर तलावातली छोटी सुकवलेली मासळी, आणि ज्या घरात काहीच नाही तिथे नुसतीच न्सिमा. पीक वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये हाताशी येतं. डिसेंबरपासून मार्चपर्यंत कणग्या रिकाम्या आणि नेमका तेव्हाच पाऊस, मलेरिया, जुलाब, आणि आया दिवसभर शेतात. मेळघाट ज्यांना माहितीय त्यांना हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडे पण मुलं पावसाळ्यातच जास्त दगावतात.

आता आजाराबद्दल. सॅमचे दोन चेहरे असतात. एक मूल सुकतं, कातडी लोंबते, मागून बघितलं तर ढुंगणाची कातडी सैल चड्डीसारखी दिसते, चेहरा म्हाताऱ्यासारखा. दुसरं सुजतं. गाल गुबगुबीत, पाय जाड, आणि घरच्यांना वाटतं की पोर अंग धरायला लागलं. इथे अंगठ्याची परीक्षा कामाला येते. दोन्ही पावलांवर वरच्या बाजूने अंगठे तीन सेकंद दाबून धरायचे आणि उचलायचे, दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर ते बाळसं नाही, ती सूज आहे, आणि मग दंडघेर कितीही भरला तरी ते मूल सॅममध्येच धरायचं. या सुजेच्या आजाराला क्वाशिओरकोर म्हणतात, हे नाव सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकात आताच्या घानामधून जगासमोर आणलं. तिथल्या गा भाषेतला शब्द आहे, अर्थ साधारण असा की पाठचं भावंड आलं की आधीच्या बाळाला जो आजार होतो तो. अंगावरचं दूध तुटलं आणि नुसत्या पिठावर आलं, हे गावातल्या बायांनी डॉक्टरांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

सूज नेमकी कशाने येते हे मात्र अजून पूर्ण उलगडलेलं नाही. आधी वाटायचं प्रोटीन कमी पडतं म्हणून, पण तेवढंच कारण असतं तर मलावीतल्या जुळ्यांचं कोडं पडलं नसतं. एकाच घरात एकाच ताटातलं खाणारी जुळी, त्यातलं एक सुजतं आणि दुसरं ठणठणीत राहतं. शास्त्रज्ञांनी अशा ३१७ जोड्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि पोटातल्या जंतूंचा पण यात हात आहे असं त्यांना दिसलं.

बरं, मग मूल उपाशी आहे तर त्याला भरपूर खायला घाला ना, हा आपला पहिला विचार. आणि नेमका तोच विचार मुलाला मारू शकतो, म्हणून हा भाग मला जरा नीट सांगायचाय.

घरातला पगार थांबला की आपण काय करतो, आधी हौसमौज बंद, मग दूध कमी, मग पंखा बंद, मग दुरुस्त्या पुढे ढकलायच्या, शेवटी दागिने मोडायचे. मुलाचं शरीर अगदी हेच करतं. खेळणं थांबतं, मग हसणं थांबतं, मग स्नायू मोडून त्यावर दिवस काढायचे. हृदय पण स्नायूच आहे, ते पण बारीक होतं. लिव्हरमध्ये साखरेचा साठा राहत नाही. पेशींमधले सोडियम-पोटॅशियमचे पंप मंद होतात त्यामुळे पेशीत सोडियम साचतं आणि पोटॅशियम निघून जातं. अशा शरीरात एकदम भरपेट जेवण गेलं की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट झटकन पेशींमध्ये ओढलं जातं, ते बारीक झालेलं हृदय हा भार पेलू शकत नाही आणि मूल खाऊन मरतं. उपासमारीने नाही, जेवणाने.

म्हणून अतिशय आजारी मुलासाठी दवाखान्यात पहिले दोन-तीन दिवस एफ-७५ नावाचं पातळसर दूध असतं. दूध पावडर, साखर, तेल, क्षार-जीवनसत्त्वं, १०० मिलीमध्ये ७५ कॅलरी आणि प्रोटीन मुद्दाम कमी. हे दूध वजन वाढवायला नसतंच, ते फक्त शरीराची गाडी रुळावर आणायला असतं. सहा किलोचं मूल असेल तर दिवसाला ७८० मिली, दर दोन तासांनी म्हणजे बारा वेळा, म्हणजे एका वेळेला ६५ मिली. कटिंग चहापेक्षा कमी. आई म्हणते एवढंसंच? आणि तिचं बरोबरच आहे, तिला ते दिसतंय तसं कोणालाही दिसेल. तिला बसवून समजावून सांगावं लागतं, नाहीतर ती मायेपोटी पदराआड काहीतरी भरवते.

दर दोन तासांनी म्हणजे रात्री दोनला पण आणि पहाटे चारला पण. याच वेळी बेसावध राहिलं तर मुलं जातात. साठा नसल्यामुळे रक्तातली साखर उतरते, आणि साखर उतरली की अंग गार पडतं, दोन्ही हातात हात घालून येतात. काखेतलं तापमान ३५ च्या खाली गेलं तर धोका. उपाय साधे आहेत, ५० मिली पाण्यात चमचाभर साखर ढवळून पाजायची, टोपडं घालायचं, उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यायचं आणि लगेच दूध सुरू करायचं. हे कोणीही करू शकतं, पण त्यासाठी पहाटे चारला कोणीतरी जागं लागतं, आणि साठ खाटांना एक नर्स असेल तर ती तरी कुठे कुठे पुरणार.

अजून तीन सापळे आहेत. पहिला सलाईनचा. या मुलाचे डोळे खोल गेलेले आणि कातडी सैल असतेच, ती बघून जुलाबात पाणी कमी झालं असं वाटतं आणि बाटली लावली जाते. ते जास्तीचं मीठ-पाणी हृदयाला झेपत नाही. मी एका दवाखान्यात हे जवळून बघितलंय. संध्याकाळी ड्रिप लावली, सगळ्यांचा हेतू चांगला होता, पहाटे मुलाला धाप लागली आणि सकाळी खाट रिकामी. शिरेतून पाणी फक्त शॉक असेल, म्हणजे रक्ताभिसरणच कोसळलं असेल, तरच द्यायचं, आणि तेही मोजून, शेजारी बसून. एरवी तोंडानेच, थोडं थोडं, आणि नेहमीचं ओआरएस नाही तर या मुलांसाठीचं वेगळं, रेसोमल, ज्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असतं.

दुसरा सापळा तापाचा, म्हणजे ताप नसण्याचा. ताप काढायला पण शरीरात ताकद लागते, ती नसते, त्यामुळे आतमध्ये न्यूमोनिया असला तरी थर्मामीटर गप्प. म्हणून अँटिबायोटिक जंतुसंसर्ग दिसायची वाट न बघता देतात. अगदी घरी उपचार घेणाऱ्या, त्यातल्या त्यात बऱ्या मुलांना पण द्यायचं का यावर मलावीत २७६७ मुलांचा मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला, ज्यांना अमॉक्सिसिलिन दिलं त्यांच्यातली ४.८ टक्के गेली आणि ज्यांना नुसती औषधासारखी दिसणारी बिनऔषधाची मात्रा दिली त्यांच्यातली ७.४ टक्के. नंतर नायजरमधल्या अभ्यासात एवढा फरक दिसला नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही, पण एचआयव्ही आणि मलेरिया जिथे घरोघरी आहे तिथे मी तरी औषध देण्याच्या बाजूने.

तिसरा लोहाचा. मूल पांढरंफटक आहे म्हणून पहिल्याच दिवशी लोहाचं औषध द्यायचं नाही, सुट्टं लोह जंतूंच्याच कामी येतं. वजन वाढायला लागलं की मग.

हे सगळं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या पुस्तिकेत नीट लिहून ठेवलं होतं. तरी अडचण राहिली ती दुसऱ्या टप्प्याची. मूल सावरलं की त्याला एफ-१०० हे दाट दूध द्यायचं, त्यावर ते भराभर वाढतं, पण ते पाण्यात कालवावं लागतं, आणि कोमट दुधात जंतू तासाभरात वाढतात, त्यामुळे ते घरी देता येत नाही. म्हणजे मुलाला महिनाभर वॉर्डातच ठेवायचं. एका खाटेवर दोन-तीन मुलं, एकाचे जुलाब दुसऱ्याला. आणि आई महिनाभर तिथे अडकली की घरी बाकीची पोरं आणि मक्याची निंदणी कोण बघणार, म्हणून आया अर्ध्यातूनच मूल उचलून निघून जायच्या. त्यांना दोष देणारे तेव्हाही होते आणि आपल्याकडे आजही आहेत, मला ते अजिबात पटत नाही. तीन मुलं घरी ठेवून एकासाठी महिनाभर दवाखान्यात बसणं हा हिशोब कुठलीच आई सहज करू शकत नाही.

आणि मग शेंगदाणा आला. आंद्रे ब्रियां हे फ्रेंच बालरोगतज्ज्ञ बरीच वर्षं दुधाला पर्याय शोधत होते, आणि १९९६ मध्ये न्यूट्रिसेट कंपनीच्या मिशेल लेस्कान यांच्यासोबत त्यांनी प्लंपीनट तयार केलं. एफ-१०० मधल्या दुधाचा काही भाग काढून शेंगदाण्याची पेस्ट घातली, बाकी दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं तशीच. खरी हुशारी अशी की यात पाणीच नाही. पाणी नाही म्हणून जंतू वाढत नाहीत, शिजवायचं नाही, कालवायचं नाही, फ्रिज नको, पाकीट दोन वर्षं टिकतं. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी. कोपरा फाडायचा आणि मूल स्वतः चोखत खातं. चव आपल्या शेंगदाण्याच्या लाडवाच्या जवळ जाणारी, पण मऊ आणि दुधाळ. या प्रकाराला आरयूटीएफ, म्हणजे थेट खाता येणारा तयार उपचारी आहार, म्हणतात, मलावीत लोकं सरळ चिपोंडे म्हणतात, त्यांच्या भाषेत शेंगदाण्याची पेस्ट.

२००० मध्ये इथिओपियात स्टीव्ह कॉलिन्स यांनी आणि २००१ मध्ये ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलमध्ये मार्क मॅनरी या अमेरिकन डॉक्टरांनी जे केलं त्याला तेव्हा बरेच जण वेडेपणा म्हणाले. मुलांना पेस्ट देऊन घरी पाठवायचं. एवढी आजारी मुलं, खेड्यात, अडाणी आईच्या हातात? पण मुलं वॉर्डापेक्षा घरी जास्त चांगली सुधारली. २००५ च्या दुष्काळात नायजरमध्ये एकाच वर्षात साठ हजारांच्या वर मुलांवर असे उपचार झाले, जेवढी मुलं खाटांवर कधीच मावली नसती. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ वगैरेंनी मिळून हीच पद्धत अधिकृत केली.

पण कोणाला घरी पाठवायचं आणि कोणाला ठेवून घ्यायचं? यासाठी जी परीक्षा आहे ती मला या अख्ख्या विषयात सगळ्यात सुंदर वाटते. तपासण्या नाही, मशीन नाही. आईला एका शांत कोपऱ्यात बसवतात, ती हात धुते, मूल मांडीवर, पाकीट उघडून थोडी पेस्ट बोटावर घेऊन त्याच्या ओठापाशी नेते. जबरदस्ती करायची नाही. सोबत पेल्यात पाणी. मूल आधी तोंड फिरवेल, अनोळखी जागा आहे, रडेल, म्हणून घाई नाही, अर्धा तास सुद्धा द्यायचा. वजनानुसार ठरलेला भाग त्याने स्वतःहून खाल्ला तर पास, घरी जा. नाही खाल्ला तर काहीतरी आत बिघडलंय, जंतुसंसर्ग किंवा लिव्हर, आणि मग दवाखान्यात भरती, एफ-७५ पासून सुरुवात. भूक शाबूत आहे म्हणजे शरीर अजून सांभाळून आहे, एवढा साधा तर्क, आणि तो खरा निघालाय. साधारण दहातली आठ-नऊ मुलं अशी घरीच बरी होऊ शकतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना मात्र ही पेस्ट चालत नाही, त्यांचा उपचार म्हणजे आईचं दूध पुन्हा आणणं.

सात किलोच्या मुलाला दिवसाला अडीच-तीन पाकिटं लागतात. अंगावर पाजायचं असेल तर आधी अंगावर, मग पाकीट, मग उरलेल्या भुकेला घरातलं. दर आठवड्याला आरोग्य केंद्रात जायचं, वजन, दंड, पाय बघायचे, पुढच्या आठवड्याची पाकिटं घ्यायची. सहा-आठ आठवडे. लागोपाठ दोन भेटींत दंड साडेबाराच्या वर आणि सूज नाही, की सुट्टी. बरं होण्याची पहिली खूण मात्र काट्यावर येत नाही, आठवडाभरात कधीतरी मूल हसतं. वॉर्डात खेळणी ठेवा, मुलांशी बोला हे सुद्धा त्या उपचाराच्या यादीत औषधाइतकंच लिहिलेलं आहे हे फार कमी लोकांना माहिती असतं.

पाकीट म्हणजे जादू नाही हे पण सांगायलाच हवं. ब्लँटायरच्या हॉस्पिटलमध्ये मोयो नावाचा कुपोषणाचा वॉर्ड आहे, मोयो म्हणजे जीवन. तिथे २००६-०७ मध्ये भरती झालेल्या १०२४ मुलांचा नंतर वर्षभर माग काढला तर ४२ टक्के गेलेली होती, आणि त्या मृत्यूंतला पाव भाग बरं होऊन सुट्टी मिळाल्यानंतरचा. बऱ्याच मुलांना एचआयव्ही होता. आणि सुट्टीनंतर मूल जातं कुठे, त्याच घरात, त्याच रिकाम्या कणगीपाशी. घरात चार भावंडं असतील तर पाकिटं वाटली जाणारच, कुठली आई एकाला खायला घालून बाकीच्यांना बघत बसवेल? २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा कारखान्यांच्या ऑर्डरी अडकल्या आणि केंद्रांवरची पाकिटं संपायला लागली. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण एक खोका लागतो, दीडशे पाकिटं, पन्नास डॉलरच्या आसपास. जगात एका वेळी सव्वा कोटीच्या आसपास मुलं या अवस्थेत असतात आणि त्या पन्नास डॉलरसाठी अडतं.

आता आपलं. मलावीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात उंचीच्या मानाने लुकडी मुलं ३ टक्के होती. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात २५.६ टक्के, त्यातली अतितीव्र १०.९. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा पुन्हा तपासले. मलावीत मुलं बुटकी राहतात, ३७ टक्के, आपल्याकडे बुटकीही आहेत आणि लुकडीही, सुजलेली मात्र कमी दिसतात, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे एकास एक जोडता येत नाहीत. तरीही आपल्यासारख्या श्रीमंत राज्याला हे शोभत नाही.

आपल्याकडे गावात ग्राम बाल विकास केंद्र आणि दवाखान्यात पोषण पुनर्वसन केंद्र अशी सोय आहे. पाकिटावरून मात्र जोरात वाद आहे. एक बाजू म्हणते पाकीटबंद खाणं आणून कंपन्यांचं भलं करू नका, अंडी-डाळ-तेल-शेंगदाणा घरातच आहे. दुसरी म्हणते लाल पट्ट्यातल्या मुलाचं पोट एवढंसं असतं, वरणभात खाऊन त्याला दिवसभरात लागणारं सगळं पोषण मिळणं अवघड. मुंबईत सायन हॉस्पिटलने आयआयटीची मदत घेऊन शेंगदाणा आणि दूध पावडरची अशी पेस्ट इथल्या इथे बनवून वापरली, मला तो मधला रस्ता बरा वाटतो. सहा-आठ आठवड्यांचं औषध म्हणून पाकीट, आणि पिवळ्या पट्ट्यातल्या मुलाला घरचंच पण तेल-तूप-अंडं घालून दिवसातून पाच वेळा. औषधाला जेवण समजलं तरी चुकतं आणि जेवणाला औषध समजलं तरी चुकतं.

नायजरमध्ये गेल्या काही वर्षांत ती तीन रंगांची पट्टी थेट आयांनाच वाटली, आणि आयांनी घेतलेली मापं आरोग्य सेविकांच्या मापांच्या तोडीची निघाली, शिवाय मुलं लवकर सापडली त्यामुळे भरती करायची वेळ कमी आली. हे मी बहिणीला सांगितलं तर तिला त्यात काही नवल वाटलं नाही. ती म्हणाली आमच्याकडे पण आयांना पट्टीच्या आधी कळतं. मग म्हणाली, मी दारात जाते तेव्हा आधी खाऊचा डबा उघडते, पट्टी नंतर काढते. डब्याच्या आवाजाला पोर वळून बघतं का ते बघते. मागच्या पावसाळ्यात एक पोरगी वळली नाही, दंड पिवळ्यातच होता, पण बहिणीने त्याच दुपारी आईला आणि पोरीला जीपमध्ये बसवलं.